सिकंदराला त्याच्याच काळाचे माप लावू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील सिकंदरावरचा लेख लक्षपूर्वक वाचला. त्याच्या युद्धकौशल्याबद्दल लेखकाने जे लिहिले आहे, त्याबद्दल माझे दुमत नाही. टायरच्या बेटावरील किल्ला घेण्यासाठी समुद्रात भराव टाकून सात महिने वेढा चालवणारा आणि गौगामेलाच्या मैदानावर आपल्याहून कितीतरी मोठ्या सैन्याची फळी नेमक्या जागी फोडणारा सेनापती असामान्य होता, हे त्याचे शत्रूसुद्धा नाकारणार नाहीत. माझा आक्षेप लेखाच्या उत्तरार्धाला आहे. सिकंदराने केलेल्या कत्तलींना आजच्या नीतिकल्पनांचे माप लावू नये, तो काळच तसा होता, असे म्हणून लेखकाने त्याच्या चारित्र्याचा प्रश्न दोन परिच्छेदांत निकालात काढला आहे. हा युक्तिवाद समंजस वाटतो, पण सिकंदराच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण त्याच्या कृत्यांचा निषेध आपण आज प्रथमच करत आहोत असे नाही. तो प्राचीन जगानेच केलेला आहे, आणि पुष्कळदा त्याच्या चाहत्यांनी केलेला आहे.

इ.स.पू. ३३५ मध्ये थीब्ज या ग्रीक नगरराज्याने बंड केले तेव्हा शहर पाडण्यात आले, सुमारे सहा हजार माणसे मारली गेली आणि तीस हजारांवर लोक गुलाम म्हणून विकले गेले. निर्णय थीब्जच्या जुन्या वैऱ्यांनी, म्हणजे सिकंदराच्या ग्रीक मित्रराज्यांनी घेतला, असे त्याच्या बाजूने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण ज्यांचे हाडवैर सर्वांना ठाऊक आहे त्यांच्याच हाती न्यायदान सोपवणारा राजा निकालापासून अलिप्त राहिला असे कसे म्हणावे? कवी पिंडारचे घर तेवढे त्याने वाचवले. या विध्वंसाने सारा ग्रीस हादरला, असे प्राचीन इतिहासकार अरियन लिहितो, आणि सिकंदराला पुढे त्याचा पश्चात्ताप वाटत असे, असे प्राचीन चरित्रकार प्लुटार्क सांगतो. शहरे लुटणे आणि माणसे विकणे ज्या काळात नित्याचे होते त्याच काळातील लोकांना हे अतिरेकी वाटले, आणि खुद्द कर्त्यालाही नंतर वाटले, तर ‘काळच तसा होता’ या वाक्याने आपण नेमके काय सिद्ध करतो?

पर्सेपोलिसचेही तसेच. इ.स.पू. ३३० मध्ये इराणी सम्राटांचे ते राजवाडे जाळण्यात आले. मद्याच्या धुंदीत एका गणिकेच्या चिथावणीवरून ते घडले, अशी एक कथा आहे. इराणी सम्राट झर्क्सिसने दीडशे वर्षांपूर्वी अथेन्स जाळले होते त्याचा तो विचारपूर्वक घेतलेला सूड होता, असे दुसरी सांगते. दुसरी खरी धरली तरी पार्मेनियन या वृद्ध सेनापतीने त्याला आधीच बजावले होते की, जे आता आपलेच आहे त्याचा नाश करणे शहाणपणाचे नाही. सिकंदराचा कैवार घेणाऱ्या अरियनलाही या कृत्यात शहाणपण दिसले नाही, आणि कधीच मरून गेलेल्या इराण्यांना यातून शिक्षा झाली असेही त्याला वाटले नाही. (तो पार्मेनियन त्याच वर्षी सिकंदराच्या हुकमावरून मारला गेला; मुलावर कटाचा आरोप होता, बापाविरुद्ध पुरावा कोणी दाखवलेला नाही.)

आता भारतीय वाचकाला सर्वांत जवळच्या प्रसंगाकडे येतो. लेखात पोरसची गोष्ट आहे, आणि ती आपल्या सर्वांना पाठ असते: पराभूत राजाने आपल्याला राजासारखे वागवावे असे म्हटले आणि विजेत्याने त्याचे राज्य त्याला परत दिले, वर आणखी प्रदेश जोडला. ही उदारता मी खोटी मानत नाही, जरी मायदेशापासून इतक्या दूर जिंकलेला मुलूख सांभाळायला सिकंदराला अशाच एका वजनदार राजाची गरज होती. पण झेलमच्या काठी हे घडण्याच्या काही महिने आधी स्वातच्या परिसरातील मस्सग येथे काय झाले, याचा लेखात उल्लेखही नाही. त्या नगराच्या रक्षणासाठी आलेल्या भाडोत्री भारतीय सैनिकांनी करार करून नगर सोडले. अरियनच्या मते ते सात हजार होते, त्यांनी सिकंदराच्या सैन्यात यायचे कबूल केले होते, पण इतर भारतीयांवर शस्त्र चालवायचे नसल्याने ते रात्रीतून निसटणार होते. डायोडोरस या दुसऱ्या प्राचीन इतिहासकाराच्या मते त्यांचा काहीच गुन्हा नव्हता. शपथ मोडल्याचा आक्रोश त्यांनी केला तेव्हा सिकंदराने उत्तर दिले की, मी तुम्हाला नगरातून बाहेर पडू देण्याचे वचन दिले होते, कायमच्या मैत्रीचे नव्हे. दोन्ही हकिगतींचा शेवट सारखाच आहे. नगराबाहेर ते ज्या टेकडीवर थांबले होते तिला वेढा घालून सर्वांना कापून काढण्यात आले, आणि डायोडोरस सांगतो त्याप्रमाणे पडलेल्या पुरुषांची शस्त्रे उचलून त्यांच्या बायकाही लढल्या. सिकंदराचे गुण भरभरून गाणाऱ्या प्लुटार्कने या कृत्याला त्याच्या युद्धकीर्तीवरील डाग म्हटले आहे. वचनाला जागणे ही काही आजची कल्पना नव्हे.

त्याला मनच नव्हते, असे मला म्हणायचे नाही. इ.स.पू. ३२८ मध्ये, आजच्या समरकंदजवळ, मद्यपानाच्या बैठकीत त्याने क्लायटस या आपल्या सेनानी मित्राला भाल्याने ठार केले. या क्लायटसनेच ग्रॅनिकसच्या लढाईत त्याचा जीव वाचवला होता. नंतर सिकंदर दिवसेंदिवस अन्नपाण्याशिवाय आक्रोश करत पडून राहिला. हे दुःख खरे होते. पण ते मित्रासाठी होते. मस्सगच्या टेकडीसाठी त्याने असे काही केल्याची नोंद नाही, आणि त्याच्या चारित्र्याचा विचार करायचा तर या दोन मरणांतील फरकापाशी थांबावेच लागेल.

वारशाचा हिशेब निराळा मांडला पाहिजे. लेखकाने अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय आणि गांधार शिल्पकला सिकंदराच्या खात्यावर जमा केली आहेत. ग्रंथालय उभारले ते त्याच्या मृत्यूनंतर इजिप्त बळकावणाऱ्या टॉलेमी घराण्याने, आणि गांधारची मूर्तिकला बहरली ती त्याच्यानंतर काही शतकांनी, कुषाणांच्या काळात. त्याच्या स्वारीवाचून हे घडले नसते, असे म्हणता येईल. पण त्याच्या मनातही नसलेल्या गोष्टींचे पुण्य त्याला द्यायचे, तर त्याच्या माघारी सेनापतींनी चाळीस वर्षे चालवलेल्या आपसांतील युद्धांचे पापही द्यावे लागेल. इराणच्या स्मृतीने यातले काय निवडले ते पाहण्यासारखे आहे: जरथुष्ट्री ग्रंथांत तो ‘गुजस्तग’, म्हणजे शापित आहे, तर फारसी कवी फिर्दौसीच्या काव्यात तो इराणी राजवंशाचाच मुलगा होऊन बसला आहे. (मृत्यूनंतर आपले मोकळे हात लोकांना दिसावेत अशी त्याची इच्छा होती, ही आपल्याकडे सांगितली जाणारी कथा प्राचीन चरित्रकारांत आढळत नाही. उलट त्याचा सोन्याने मढवलेला अंत्यरथ तयार व्हायला सुमारे दोन वर्षे लागली, असे डायोडोरस लिहितो.)

राहता राहिला ‘त्या काळा’चा प्रश्न. सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलोनला वारला. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांतच अशोकाने कलिंग जिंकले आणि तेराव्या शिलालेखात दीड लाख लोक नेले गेल्याची, एक लाख मारले गेल्याची आणि त्याहून कितीतरी मेल्याची नोंद स्वतःच कोरवून त्याबद्दल खेद व्यक्त केला. अशोकाने कलिंग परत केले नाही, त्याच लेखात अटवीतील, म्हणजे अरण्यातील, लोकांना आपल्या सामर्थ्याची जाणीवही करून दिली, आणि खुद्द कलिंगातील धौली व जौगड येथे हा लेख कोरवला नाही, हे मी विसरलेलो नाही. तरीही या तेराव्या लेखाच्या आरंभाचे ग्रीक भाषांतर १९६३ मध्ये जुन्या कंदाहारमध्ये सापडले. हे नगर सिकंदराने वसवलेल्या अलेक्झांड्रियांपैकी एक असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. जेत्याने आपल्या हातून मेलेल्यांचा आकडा मोजून त्याचे दुःख करावे, हा विचार तेथील ग्रीक वसाहतीने ग्रीक भाषेतच वाचला होता.

पुरवणीत पुन्हा कधी पोरसची गोष्ट छापली जाईल, तेव्हा तिच्या शेजारी मस्सगसाठी चार ओळींची जागा ठेवावी, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक