चिनी चित्रकलेच्या वर्गाबद्दल मंदारला पत्र

सिंगापूर,
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय मंदार,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. कॅनडातल्या तुमच्या स्कारबरोच्या वाचनालयात जानेवारीपासून चार शनिवार, दर वेळी दोन तास, माणसं बारा. शिकवायला त्या ग्वांगझौच्या बाई, आणि सामान, मांडामांड, दुभाषेपणा सगळं तुझ्या गळ्यात. तू मागितली आहेस ती नुसती सामानाची यादी. पण काय शिकवायचं हे ठरल्याशिवाय यादी होत नाही, म्हणून आधी तेच.

१७ फेब्रुवारी २०२६ ला घोड्याचं वर्ष सुरू होतंय. वाचनालयवाले घोडा मागणार, हे धरूनच चाल. पत्रकावर छापायला चित्रकार शू बेइहोंगचा धावता घोडा आयता आहेच. पण घोडा शिकवू नका. शूंचा घोडा मोजक्या फटकाऱ्यांत उभा राहिल्यासारखा दिसतो, त्यामागे पॅरिसमधली वर्षानुवर्षांची रेखाटनं आहेत. नवख्याचा घोडा दुसऱ्या पायाशी पोचेपर्यंत कुत्रा होतो, आणि खट्टू झालेला माणूस पुढच्या शनिवारी फिरकत नाही. तुम्ही बांबू घ्या. चारही शनिवार बांबूच. बांबू, ऑर्किड, प्लमची फांदी आणि शेवंती हे चार विषय चीनमध्ये नवशिक्यांना पिढ्यान्‌पिढ्या दिले जातात, कारण लागणारे सगळे फटकारे त्यांत येतात. त्यातही बांबूला प्रमाण चुकल्याचं पाप लागत नाही. दांडा थोडा जाड झाला तरी तो बांबूच राहतो.

बाईंना हे सांगावं लागणार नाही, वाचनालयाला लागेल. त्यांना प्रत्येकाच्या हातात चित्र असलेला फोटो हवा असतो. त्यासाठी दर शनिवारची शेवटची वीस मिनिटं राखून ठेव आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एक फांदी, पाच पानं एवढंच काढायला दे. बाकीचा वेळ नुसता सराव, आणि सरावाचे कागद घरी न्यायचे नाहीत असं आधीच सांगून टाक. त्याने हात मोकळे होतात.

आता कागद. निम्मे वर्ग इथेच फसतात, कारण हौशी दुकानांत ‘राइस पेपर’ म्हणून काहीही खपवतात. तुला हवा तो शुआन कागद. मूळचा आनहुई प्रांतातल्या जिंग परगण्याचा. तान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांचा लगदा करून बनवतात, आणि २००९ पासून ही कारागिरी युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. त्यात कच्चा आणि पक्का असे दोन प्रकार. पक्क्याला तुरटी आणि सरस लावलेला असतो, त्यामुळे तो पाणी पीत नाही. बारीक रेषेच्या, रंग भरायच्या कामाला तो चांगला. बांबूला कच्चा हवा. चुकून पक्का आणलास तर शाई वर तळं करून बसते आणि बाई जे दाखवतील त्यातलं काहीच कागदावर उतरत नाही. दुकानात ओळखायचं सोपं आहे: कोपऱ्याला ओलं बोट लाव. कच्चा तत्क्षणी भिजून पारदर्शक दिसतो, पक्क्यावर ओल तशीच चमकत राहते. गुळगुळीत बाजू वर, खरखरीत खाली.

पूर्ण ताव ६९ बाय १३८ सेंटिमीटरचा असतो. रुंदीचे दोन आणि लांबीचे तीन भाग केलेस की ३४.५ बाय ४६ चे सहा तुकडे पडतात, टेबलावर बसतील असे. माणशी तीन तुकडे धरले तर बारा जणांना एका शनिवारी सहा ताव. आठ घे, फाटतात. पण पहिल्या दिवशी शुआन काढूच नका. बांबूच्या लगद्याचा पिवळसर सरावाचा कागद मिळतो, स्वस्त असतो आणि शाई जरा कमी पसरवतो. माणशी दहा तुकडे तो दे. महाग कागद समोर ठेवला की लोक घाबरून सावकाश रेषा ओढतात, आणि कच्च्या कागदावर सावकाश म्हणजे डाग. कागदाखाली वर्तमानपत्र मात्र नको. छपाईची शाई उठते आणि ओला शुआन त्याला चिकटून फाटतो. दोन-तीन मिलिमीटर जाडीचं करडं किंवा पांढरं फेल्ट (नमद्यासारखं जाड कापड) कापून घे, ४० बाय ५० चे बारा तुकडे.

कुंचले माणशी दोन. एक मोठा, मिश्र केसांचा: बाहेर बोकडाचे मऊ केस, आत ताठ केसांचा गाभा. चिनी दुकानात ‘मोठा पांढरा ढग’ या नावाने मागितलास तर लगेच देतील. नुसता बोकडाचा घेऊ नकोस; तो इतका मऊ असतो की नवख्याच्या हातात लोळतो. दुसरा बारीक, ताठ, पेरं आणि डहाळ्यांसाठी. नव्या कुंचल्याचं टोक खळीने कडक केलेलं असतं, ते कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून सोडवायचं. गरम पाणी घातलंस की मुळाशी लावलेला सरस सुटतो आणि झुपका अखंड हातात येतो. सोबत येणारी प्लास्टिकची टोपी पहिल्याच दिवशी फेकून द्यायची. ओल्या कुंचल्यावर ती परत चढवताना केस मुडपतात, आत बुरशी धरते.

एक गोष्ट नोंदणीच्या फॉर्मवरच लिही. कुंचले प्राण्यांच्या केसांचे असतात आणि शाई म्हणजे काजळी अधिक जनावराचा सरस. तुमच्याकडे जैन आणि व्हीगन मंडळी येणारच. ऐन वर्गात कळलं तर त्यांची पंचाईत होते. दोन-तीन नायलॉनचे कुंचले आणि कृत्रिम चिकाची बाटलीबंद शाई वेगळी ठेव. ती शाई कुंचल्यात वाळली तर सुटत नाही, तेव्हा वर्ग संपल्या संपल्या धुवायला लाव.

बाकीच्यांनाही बाटलीबंदच. कांडी उगाळायची गंमत एका दगडावर, बाईंनी दाखवायची. चमचाभर पाणी, कांडी उभी, आणि देवाचं गंध उगाळतो तसा हलका हात; दहा मिनिटांत शाई तेलकट चमकायला लागते. उगाळून झाल्यावर कांडी दगडावर उभी ठेवली की सरसाने तिथेच चिकटते, एवढं लक्षात ठेव. बारा जणांना बारा दगड घेण्यात पैसे घालवू नकोस. माणशी एक चमचा शाई पुरते, बारा जणांना साठ-सत्तर मिलिलिटर. उरलेली बाटलीत परत ओतू नका, सगळी नासते. शिळी शाई मुद्दाम वापरणारे चित्रकार आहेत, पण चित्राच्या पाठीला दुसरा कागद चिकटवताना ती पसरते.

बशा पांढऱ्या, चिनीमातीच्या, जुन्या बाजारातल्या. प्लास्टिकच्या थाळीवर पाण्याचे मणी होतात आणि शाई किती फिकी झाली ते कळत नाही. पाण्याची भांडी माणशी दोन, एक धुवायला आणि एक स्वच्छ. किचन टॉवेल सढळ हाताने.

आणि रंग? माझं मत विचारशील तर चार आठवडे नकोत. चौथ्या शनिवारी फार आग्रह झाला तर गेरू आणि नीळ, बास. पारंपरिक पिवळा कोकमाच्याच कुळातल्या एका झाडाच्या चिकाचा असतो, आणि तो विषारी आहे. लाल म्हणजे हिंगूळ, त्यात पारा. जुने चित्रकार टोक जुळवायला कुंचला ओठांत धरतात. बाईही धरत असतील, तर वर्गात तेवढं टाळायला आधीच विनव. मुलं पहिल्यांदा तेच उचलतात.

आता मूळ मुद्दा. या चित्रकलेत नवख्याला जे येत नसतं ते चित्र नव्हे, पाणी. पहिला अख्खा तास बाईंनी कुंचल्यात पाणी किती घ्यायचं एवढंच शिकवलं तरी तो सार्थकी लागला समज. कुंचला स्वच्छ पाण्यात पूर्ण भिजवायचा, भांड्याच्या कडेला निथळायचा, फिक्या शाईत मुळापर्यंत बुडवायचा, मग फक्त टोकाचा तिसरा हिस्सा गडद शाईत. बशीवर दोन-तीनदा आडवा फिरवला की टोकाकडून मुळाकडे गडद ते फिकं असा उतार तयार होतो. एका फटकाऱ्यात दोन छटा येतात त्या यामुळे. आणि डाग पडायला लागले की लोक टॉवेलने टोक टिपतात. तिथेच चुकतं. टोक टिपलं की शाई जाते आणि पाणी तसंच राहतं, मुळाशी; पुढच्या फटकाऱ्यात ते खाली उतरतं आणि पुन्हा डाग. टॉवेल लावायचा तो केस जिथे दांड्याला मिळतात तिथे. फक्त दोन सेकंद. हे तू टेबलाटेबलावर जाऊन हाताला धरून दाखव, बाईंचा तेवढा वेळ वाचेल.

बांबूचा दांडा खालून वर. कुंचला उभा, टोक रेषेच्या मधोमध. दाब, क्षणभर थांब, एका गतीने वर ओढ, पुन्हा थांब, किंचित मागे घेऊन उचल. दोन कांड्यांत तीन-चार मिलिमीटरची फट. बुडाशी कांड्या आखूड, मधे लांब, शेंड्याकडे पुन्हा आखूड. मधेच कुंचला बुडवायचा नाही. शाई सरत गेली की वरच्या कांड्यांत कोरडे पांढरे पट्टे दिसतात, ते हवेच असतात. तुमच्याकडे हिवाळ्यात हीटरमुळे हवा इतकी कोरडी असेल की हे पट्टे फारच लवकर येतील. तेव्हा शाईत पाणी थोडं जास्त. इथल्या दमट हवेत आमचं नेमकं उलटं असतं.

पेराची, म्हणजे दोन कांड्यांमधल्या सांध्याची, गडद रेघ दांडा अर्धवट ओला असताना मारायची. फार ओला असेल तर रेघ फुटते, वाळला असेल तर वरून चिकटवल्यासारखी दिसते. पान म्हणजे टोक टेकव, दाब, आणि हात चालू असतानाच उचलत ने. पानं बोथट होतात ती हात आधी थांबतो आणि मग उचलला जातो म्हणून. बोटांनी काढू पाहिलं तर सगळी पानं एका मापाची येतात. खांद्यापासून हात हलायला हवा, म्हणून पानांच्या वेळी सगळ्यांना उभं कर. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी डावा तळवा मनगटाखाली उशीसारखा घ्यायचा. आणि पानं एका बिंदूतून चक्रासारखी फुटू द्यायची नाहीत. तीन-तीनच्या झुबक्यात, एक लांब, एक आखूड, एक दुसऱ्यावरून गेलेलं.

माणसांबद्दल. जलरंग शिकलेले सगळ्यात जास्त झगडतात: कुंचला पेन्सिलीसारखा तिरका धरतात आणि फटकारा मनासारखा नाही आला की त्यावरून पुन्हा फिरवतात. कच्च्या कागदावर दुसरा हात दिसतोच. इराणी किंवा आपल्याकडचे बोरूने अक्षर गिरवलेले लोक तिरक्या टाकाच्या सवयीने कडेने रेघ ओढतात. पानाला चालून जातं, दांड्याला नाही. शनिवारच्या चिनी शाळेत गेलेली मुलं पकड बरोबर धरतात, पण ती अक्षरं काढतात, बांबू नव्हे. कॅनडात वाढलेल्या मोठ्यांना बाईंच्या चित्राची नक्कल करणं ही फसवणूक वाटते. त्यांच्याशी वाद न घालता सांग की पहिले तीन शनिवार नक्कल, चौथ्याला स्वतःचं. आणि दोन चिनी आजोबा आले तर ते आपापसांत भांडतील अशीही तयारी ठेव: कँटनकडच्यांना, म्हणजे ग्वांगझौच्या बाजूच्यांना, चित्रकार चाओ शाओ-आन यांची धुक्याच्या पार्श्वभूमीची लिंगनान (दक्षिण चीनमधली) शैली खरी वाटते, उत्तरेकडच्यांना चित्रकार छी बाइशींचा मोकळा पांढरा कागद. भांडू दे, ऐकणाऱ्यांना वर्गात मिळत नाही ते मिळतं.

तुझ्या भाषांतराची शिस्त एवढीच की बाईंचा हात चालू असताना बोलायचं नाही. एकदा पूर्ण मुक्याने, मग बोलत, मग पुन्हा मुक्याने. लोकांना बाईंच्या समोर उभं करू नकोस, सगळं उलटं दिसतं. सहा-सहांचा घोळका त्यांच्या मागे आणि बाजूला. वरून मोबाइल लावून पडद्यावर दाखवायची युक्ती मला फारशी आवडत नाही, कागदावर दाब किती पडतोय ते त्यात कळत नाही.

भारताचं काय नातं, असं कोणी विचारलंच तर पत्रकावरच्या त्याच शूंचं सांग: १९३९-४० मध्ये ते शांतिनिकेतनात राहिले आणि तिथे त्यांनी गांधीजींचं रेखाटन केलं. शिवाय चित्रकार झांग दाछियेन यांनी १९४० च्या दशकात वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांतली भित्तिचित्रं उतरवली आणि १९५० मध्ये ती ताडून पाहायला थेट अजिंठा गाठला.

वाळल्यावर कागद सुरकुततो, त्याने लोक नाराज होतात. पाठीवर कोरा कागद ठेवून मंद इस्त्री फिरवली तरी पोस्टकार्डाला पुरे. नीट करायचं असेल तर चित्र उलटं घालून पाणी फवारायचं, गव्हाच्या सत्वाची पातळ खळ लावायची, वर दुसरा कागद बसवायचा आणि चारी कडा फळीला चिकटवून वाळवायचं. एका कडेला कागदाची चिंचोळी पट्टी घालून फट ठेवतात. तिथून फुंकर मारून चित्र फळीपासून सुटं करता येतं आणि नंतर सुरीही तिथूनच घालतात. तुमच्या कोरड्या हवेत ते फार पटकन ताणलं जाऊन कडेला फाटेल, तेव्हा हीटरपासून लांब ठेव.

फेल्ट आणि कुंचले याच आठवड्यात मागव, डिसेंबरात पार्सलं रखडतात. आणि नोंदणी झालेल्यांत डावखुरे किती आणि बाईंचा स्वतःचा हात कुठला, तेवढं कळव. त्यावर टेबलं कशी लावायची ते ठरेल, मी आखून पाठवतो.

तुझा,
श्रीरंग