दाराची कडी

भुसावळ, सोमवार दुपार

चि. मयुरी हिला अनेक आशीर्वाद.

गाडी सुटली तेव्हा मी बोलतच होतो आणि तू काचेआडून हात हलवत होतीस. एसी डब्याची काच, त्यामुळे माझं काही ऐकू गेलं नसेल. बरंच झालं. मध्यरात्री मफलर बांधून स्टेशनवर यायचं आणि आझाद हिंदच्या त्या एवढ्याशा थांब्यात पोरीशी भांडायचं, हे शोभलं नाही मला. घरी आलो तर तुझ्या आईने "डबा दिला ना?" एवढंच विचारलं आणि कूस बदलली. मला काही झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलो. लिहून झालं की शेजारचा बंटी फोटो काढून तुला पाठवेल. दाराबद्दल काही लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलो आहे.

कोलकात्यात तू उतरणार त्या हॉस्टेलचे फोटो पुन्हा पाहिले, चष्मा लावून. पलंग आपल्या स्लीपरच्या बर्थसारखे, खाली-वर. फक्त प्रत्येकीला पडदा, उशाशी छोटा दिवा आणि मोबाइल लावायला पॉइंट. पलंगाखाली कप्पा, त्याचं कुलूप आपलं आपण न्यायचं. एक भिंत बिनगिलाव्याची ठेवली आहे. तुझी आई म्हणाली, ठेकेदार पळाला असेल. बल्ब वायरीला नुसते लोंबतात. असे बल्ब आपल्याकडे लग्नघरी आचारी बसतो तिथे दिसतात. पण जुन्या घराची लाल फरशी तशीच राखली आहे, ती आवडली मला. एका रात्रीचे सातशे रुपये. हॉटेलात तीन हजारांच्या खाली खोली नव्हती म्हणालीस, आणि पैसे तुझे आहेत. हिशोब पटला. एका खोलीत आठ जणी, आठ जणींकडे दार उघडायची आठ कार्डं, आणि आतून कडी नाही, हे तेवढं पटलं नाही.

झालं. लिहायचं नव्हतं, तेच लिहिलं.

तू म्हणालीस, "अप्पा, तुम्ही तर आयुष्यभर दहा-बारा जणांच्या खोलीत झोपलात." मी म्हणालो, "मी पुरुष माणूस." तिथेच बिनसलं. तुझं बरोबर होतं. इगतपुरीच्या रनिंग रूममध्ये, आम्हा गार्ड लोकांच्या मुक्कामाच्या खोलीत, पावसाळ्यात चादर कधी कोरडी मिळाली नाही. कोणी कल्याणचा, कोणी मनमाडचा. आपापला शिधा खानसाम्याकडे द्यायचा. माझ्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा दिसला की कल्याणवाले हात पुढे करायचे. एक घोरतोय, एक दोनच्या ड्यूटीसाठी बूट शोधतोय, ड्यूटीला उठवणारा कॉलबॉय अंधारात नाव पुकारत येतोय. ज्याचं नावही माहीत नाही अशा माणसाच्या शेजारी मी जितका गाढ झोपलो, तितका घरीही झोपलो नसेन. त्या खोलीच्या दाराला कडी होती की नव्हती, ते आठवत नाही. सकाळपासून आठवून बघतोय.

आपल्या क्वार्टरची कडी मात्र आठवते. तू पाच-सहा वर्षांची असशील. कॉलबॉयने दार वाजवलं की आईच्या आधी तू जागी. मी पेटी, झेंड्या, दिवा घेऊन बाहेर पडलो की तू स्टुलावर चढून कडी लावायचीस. गंजकी होती ती, अर्ध्यात अडकायची. खट्ट वाजल्याशिवाय मी सायकलवर टांग टाकत नव्हतो. एकदा वाजलीच नाही. खिडकीतून पाहिलं तर तू स्टुलावर उभ्या उभ्या दाराला डोकं टेकून झोपलेली. आईला हाक मारून उठवलं, तुला उचलायला लावलं, कडीचा आवाज ऐकला आणि मग निघालो. ड्यूटीला अकरा मिनिटं उशीर झाला, मेमो मिळाला. तो मेमो अजून जपून ठेवलाय मी. का, ते विचारू नको.

तर ऐक. गाडी वेळेवर चालली तर हावडा उजाडायच्या आत लागेल. लगेच बाहेर पडू नको, उजाडेपर्यंत वेटिंग रूममध्ये बस. पलंग वरचा माग. पैसे दोन ठिकाणी ठेव. मोबाइल चार्जिंगला लावून अंघोळीला जाऊ नको. गच्चीवर रात्री गप्पा मारतात म्हणालीस ना, मार, पण उद्या कुठे जाणार, एकटी आहे की कोणी सोबत आहे, हे सगळ्यांदेखत सांगत बसू नको. पडदा ओढला म्हणजे दार लागलं असं समजू नको.

बघ, सुरू झालं माझं रूल बुक. पुण्यात आठ माणसं तुझ्या हाताखाली काम करतात, आणि मी तुला पैसे कुठे ठेवायचे ते शिकवतोय. माफ कर.

आजीला खरं सांगितलं नाही. "कथा चालनी पोर?" म्हणून सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. मी म्हटलं, कोलकात्याला, धर्मशाळेत उतरणार आहे. "मंग बरं," म्हणाली आणि जपाला बसली. विचार केला तर फारसं खोटंही नाही. असलं पहिलं हॉस्टेल जर्मनीत एका मास्तराने १९१२ साली किल्ल्यात काढलं, असं तूच सांगत होतीस. मास्तर आणि वसतिगृह म्हटलं की आजीला तिचं माहेर आठवणार. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांची अंथरुणं आवरून ठेवायचे, हे तिने आपल्याला शंभर वेळा ऐकवलंय. तुझ्या इथे चादर आपली आपणच घालायची म्हणे.

तुझ्या आईचं एक सांगायचं राहिलं. वर्षाला तीन पास मिळायचे. दर वर्षी ती म्हणायची, हावड्याचा पूल बघायचा. हावडा मेल आणि गीतांजली रोज डोळ्यांसमोरून जायच्या, पण मी त्या लाइनवर बडनेऱ्याच्या पुढे गेलो नाही. कधी दादांचं दुखणं, कधी तुझी परीक्षा, कधी रजा नामंजूर. पास वाया गेले. काल बट्टी तळताना म्हणाली, "तिला सांगा, पुलावरून पायी जा म्हणावं, टॅक्सीने नको." मग बराच वेळ काही बोलली नाही. तेव्हा पायी जा. १९४३ चा पूल आहे, नट-बोल्ट नाहीत, सगळं काम रिव्हेटचं. हात लावून बघ. आणि मार्च २०२४ पासून हुगळीच्या खालून मेट्रो जाते, पाण्याखालचा तुकडा पाऊण मिनिटात संपतो. त्याचा व्हिडिओ मला हवा, रिटायर्ड गार्डला. (आता गार्ड म्हणत नाहीत, ट्रेन मॅनेजर म्हणतात. माझ्या वेळी म्हटलं असतं तर सासरवाडीत जरा वजन वाढलं असतं.)

काल गाडी गेल्यावर पार्सलवाल्याने विचारलं, "पोरगी एकटी चालली?" मी म्हटलं, "हो, एकटी. कोलकात्याला." जरा मोठ्यानेच म्हटलं.

परतीची गाडी भुसावळला कधी येते ते कळव. भरिताची वांगी आणून ठेवतो, निदान डबा तरी देता येईल. आणि डब्याच्या पिशवीत तळाशी, बिबड्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही लागलं तर रागावू नको. माझ्या पेटीचं कुलूप आहे. प्लॅटफॉर्मवर तू परत केलंस ते नव्हे, दुसरं.

तुझे
अप्पा

ता. क. त्या दाराला वीज लागत असेल ना? रात्री लाइट गेली तर ते उघडं राहतं की बंद, एवढं काउंटरवर विचारून ठेव.