बाबांच्या सतारीसाठी ताश्कंदहून पत्र

ताश्कंद,
रविवार

ती. आई व ती. बाबा यांस शि. सा. नमस्कार.

आई, तू परवा सांगितलेस की बाबांनी दिवाळीनंतर सतारीची गवसणी काढलेलीच नाही, आणि विचारले तर "बोटे आखडली आहेत, आणि तसाही मी कोणाकडे शिकलो होतो?" एवढेच उत्तर येते. त्यातले दुसरे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. फोनवर त्याचा प्रतिवाद करायला गेले की बाबा फोन तुझ्या हातात देऊन टाकतात, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

बाबा, इथे येऊन मला दीड वर्ष झाले, पण तुर्गुन अलिमातोव हे नाव मला गेल्या हिवाळ्यातच कळले. त्यांचा जन्म १९२२ साली याच शहरात झाला आणि २००८ साली ते गेले. ते तंबूर, दुतार आणि सातो ही तीन वाद्ये वाजवत. नावांवरून तुम्हाला अर्धी ओळख पटेलच. दुतार दोन तारांचा. तुतीच्या लाकडाचा, आणि जुन्या रीतीने त्याला तारा रेशमाच्या, म्हणजे घडण तुतीची आणि तारा त्याच झाडाच्या पानांवर पोसलेल्या किड्यांच्या. तंबूर हा आपल्या तंबोऱ्याचा नावभाऊ खरा, पण त्याचे काम आपल्या तंबोऱ्यासारखे नुसते सूर धरून बसण्याचे नाही. त्याला भोपळा नसतो; लांब दांडीवर बांधलेले पडदे असतात आणि त्यांना इथेही पर्दाच म्हणतात. उजव्या हाताच्या तर्जनीत धातूची नोहुन चढवतात. नोहुन म्हणजे नख. तुमची मिझराबच म्हणा ना.

या अलिमातोवांचे शिक्षण कोणा एका उस्तादांपुढे बसून रीतसर झालेले नव्हते. घरात वडील वाजवत असत, ते कानावर पडे. बाकीचे त्यांनी ऐकून ऐकून स्वतःच्या हातात उतरवले. पुढे रेडिओवर वाजवले, ताश्कंदच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवले, आणि आजही तंबूर शिकणारे त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकतात. आकाशवाणीच्या सांगली केंद्रावरची सकाळची सतार ऐकून, रेल्वेची ड्यूटी सांभाळत तुम्ही जे शिकलात, त्याची मला इथे आठवण का झाली असेल ते सांगायला नकोच.

इथल्या अभिजात संगीताला शशमकोम म्हणतात. शश म्हणजे सहा, आपले षट्; आणि मकोम म्हणजे ठरावीक सुरावटींत बांधलेल्या रचनांची माळ. बुझुर्क, रोस्त, नवो, दुगोह, सेगोह आणि इरोक असे ते सहा मकोम बुखाऱ्याच्या अमिराच्या पदरी वाढले. १९२० साली अमिरात संपली आणि तीनच वर्षांनी, १९२३ मध्ये, उस्पेन्स्की नावाच्या रशियन संगीतज्ञाने जुन्या बुखारी उस्तादांकडून ते ऐकून स्वरलिपीत उतरवून घेतले. प्रत्येक मकोमात वाद्यांचा भाग वेगळा आणि गायनाचा वेगळा. वाद्यांच्या भागाचे नाव आहे मुश्किलोत. आपल्या "मुश्कील"चेच अनेकवचन, हे कळल्यावर मला हसू आवरेना.

अलिमातोव तिशीत येत होते तेव्हा हे संगीतच अडचणीत सापडले होते. दरबारी आणि सरंजामी म्हणून १९५१ च्या सुमारास त्यावर सोव्हिएत राजवटीची सरकारी टीका झाली. त्याआधीपासूनच वाद्ये "सुधारण्याचे" काम चालू होते: पडद्यांची मांडणी पियानोप्रमाणे बारा समान स्वरांत करायची, एकाच वाद्याचे लहानमोठे आकार घडवायचे आणि त्यांचा मोठा वाद्यवृंद उभा करायचा. आपल्याकडे आकाशवाणीने त्याच समान स्वरांमुळे १९४० पासून तीसेक वर्षे पेटीला दार बंद ठेवले, आणि इथे नेमके तेच स्वर तंतुवाद्यांवर लादले गेले. दोन्हीकडे निर्णय घेणाऱ्यांना आपण संगीताचे भलेच करतो आहोत असे वाटत होते. अलिमातोव मात्र जुन्या तंबुरालाच धरून राहिले, आणि त्यांनी सातोला पुन्हा वर आणले. सातो म्हणजे गजाने वाजवायचा लांब तंबूर. तो जवळजवळ विस्मरणात गेला होता. दिलरुब्याची आठवण व्हावी, पण आवाज त्याहून कोरडा, घशात अडकल्यासारखा. गायकांच्या चिजा ते शब्दांवाचून तंबुरावर आणि सातोवर वाजवत, आणि वाजवता वाजवता त्यांना स्वतःचे वळण देत.

आमच्या शेजारी एक वृद्ध उस्तोद राहतात. त्यांची नात मला "ओपा", म्हणजे ताई, म्हणते, आणि तिच्या ओळखीने मला त्यांच्या शिकवणीला कोपऱ्यात बसू देतात. जमिनीवर आपल्या दुलईसारख्या जाड पट्ट्या अंथरलेल्या असतात. उस्तोद पियाल्यात हिरवा चहा मुद्दाम थोडाच ओततात, कारण भरलेला पियाला देणे म्हणजे पाहुण्याला लवकर उठा म्हणण्यासारखे. समोर बारा वर्षांचा शोगिर्द. वही नाही, स्वरलिपी नाही. उस्तोद एक ओळ वाजवतात, तो तीच वाजवतो. मागच्या रविवारी तो नोलापाशी अडला. नोला म्हणजे तार छेडल्यावर डाव्या बोटाने पडद्यावर दाबून सुराला दिलेला थरथराट. मिंडेइतका लांब नव्हे, हुंदक्याएवढा. चार वेळा चुकल्यावर उस्तोदांनी काही न बोलता आपले बोट त्याच्या बोटावर ठेवले आणि त्याच्याच बोटाने तार दाबली. त्यांची स्वतःची बोटे सांध्यांपाशी सुजलेली आहेत. जलद जागा आता ते वाजवत नाहीत, तोंडाने म्हणून दाखवतात. नोला मात्र सुटलेला नाही.

मी त्यांना तुमच्याविषयी सांगितले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: किती वर्षे वाजवतात, आणि ऐकायला कोण असते. पहिल्याचे उत्तर चाळीस असे दिले. दुसऱ्याला "आई, स्वयंपाकघरातून" म्हटले, तेव्हा ते मान हलवून हसले आणि माझ्या पियाल्यात पुन्हा थोडा चहा ओतला.

२००८ साली, म्हणजे अलिमातोव गेले त्याच वर्षी, युनेस्कोने शशमकोमचे नाव मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवले. मला त्या यादीपेक्षा त्यांचे ध्वनिमुद्रण अधिक सांगते. दादाच्या फोनवर मी त्यांच्या तंबुराचे आणि सातोचे एकेक मुद्रण पाठवले आहे. आई, बाबा "नंतर ऐकतो" म्हणाले तरी तू स्वयंपाकघरात मोठ्याने लाव.

सुट्टीला पुढच्या महिन्यात येते. एक नोहुन घेऊन ठेवली आहे. बोटात बसते का ते पाहू. तोवर सतार जवारीसाठी सतारमेकर गल्लीत देऊन ठेवा. आणि आई, गुडघ्याचे औषध संपत आले असेल, ते मागवून घे.

तुमची,
नमू