काकांची सही

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काकांबरोबरच्या भागीदारीचा मी लेखी करार केला हे कळल्यापासून तुम्ही फोनवर मोजकंच बोलता. "घरच्या माणसाकडून सही घेतलीस?" एवढंच म्हणालात. म्हणून हे पत्र.

काका फसवतील असं मला एकदाही वाटलं नाही. वाटलं असतं तर त्यांच्या वाटेलाच गेले नसते. लबाड माणूस सहीला थोडीच भितो! तोंडी ठरलेलं ज्याला त्याला आपल्या सोयीने आठवतं. उद्या आमच्यापैकी एक जण नसला, तर काय ठरलं होतं हे वारसांना कोण सांगणार? त्यातून साध्या भागीदारीत एकाने फर्मच्या नावावर काढलेलं कर्ज दुसऱ्याच्या घरादारापर्यंत पोचू शकतं. म्हणून कर्ज दोघांच्या सहीनेच काढायचं, हे पहिलं कलम. बँकेलाही तसं कळवलंय.

तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही, बरं का. स्ट्युअर्ट मॅकॉले या अमेरिकन प्राध्यापकांनी विस्कॉन्सिनमधल्या व्यावसायिकांशी बोलून १९६३ साली एक लेख लिहिला. कितीतरी व्यवहार शब्दावरच चालत होते आणि तंटा झाला तरी लोक वकिलाकडे न जाता आपसांत मिटवत होते. कागद काटेकोर व्हायचा तो व्यवहार मोठा, गुंतागुंतीचा असला की. मीही मालाला उशीर, रोजच्या कामाची वाटणी यातलं काही लिहिलं नाही. तिथे काकांचा शब्द पुरे. लिहिलं ते पैसे, कर्ज आणि वेगळं व्हायची वेळ आली तर हिश्शाची किंमत कशी ठरवायची, एवढंच.

काकांनी काय केलं सांगू? पेन्सिल घेऊन मसुदा ओळ न ओळ वाचला आणि समासात स्वतःचं कलम लिहिलं: कुठल्याही कर्जाला राहतं घर तारण देणार नाही. मला जरा लागलंच. मग बोलता बोलता कळलं, घर काकूंच्या नावावर आहे आणि त्यांना तो घोर नको आहे. भिडेपोटी काका हे तोंडाने कधीच बोलले नसते.

आई, तू विचारलंस, ते सहीला नाही म्हणाले असते तर? तर भागीदारी केली नसती. एखादी ऑर्डर मात्र जरूर केली असती, बुडाली तरी येणं-जाणं राहील एवढ्याच रकमेची.

सोबत प्रत आहे. बाबा, शेवटचं कलम वाचा. वाद झाला तर मध्यस्थ म्हणून काकांनी तुमचं नाव घातलंय. तुम्ही माझे वडील, म्हणून मी नको म्हणत होते, पण ते ऐकेनात. जमेल की नाही ते कळवा.

तुमची,
ताई