भरतीला सोडता, मग मोर्चाला का अडवता?

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. बंगळुरूत परवा गाझातल्या युद्धाविरुद्ध मोठा मोर्चा होता. त्यासाठी साताऱ्याहून आम्ही गाडी करून निघालो. बहुतेक बायका, निम्म्या फौजी घरांतल्या. कागल मागे पडलं आणि सीमेच्या अलीकडे आपल्याच राज्याच्या पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. आधार कार्डं गोळा करून त्यांचे फोटो काढले, बॅनर उलगडून त्यांचेही काढले. आदेश दाखवा म्हटलं तर उत्तर एकच, वरून आहे. पूर्वी निदान गुन्हा होऊ नये म्हणून पोलिस देतात ती कलम 149 ची नोटीस हातात द्यायचे, नव्या कायद्यात ती 168 ची झाली. आम्हाला कसलाच कागद मिळाला नाही. मध्यरात्रीपर्यंत रस्त्याकडेला बसवलं. लघवीला जायचं तरी हवालदाराला विचारायचं. मग गाडी परत फिरवली.

सैनिकांच्या घरांसाठी रात्री-अपरात्री फोन करा, असं तुम्ही आमच्याकडच्या कार्यक्रमात सांगितलं होतं. मी केला. साहेब बैठकीत आहेत, एवढंच कळलं.

याच रस्त्यानं माझा भाऊ बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती व्हायला गेला. तेव्हा नाक्यावर कुणी गाडी थांबवली नाही. 2002 मध्ये ऑपरेशन पराक्रमात, म्हणजे पाकिस्तान सीमेवर फौज उभी केली होती तेव्हा, सुरुंगानं त्याचा पाय गेला. युद्ध झालंच नाही, पाय मात्र गेला. त्याच्या अपंगत्व पेन्शनच्या फायलीमागे आई कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत राहिली आणि तशीच गेली. रात्री त्याला कुबडी सापडत नाही तेव्हा तो अजून मला हाक मारतो. युद्ध नको म्हणायचा हक्क मला नाही, तर मग कुणाला आहे?

आमच्या तालुक्यातल्या अपशिंग्याचे 46 जवान पहिल्या महायुद्धात गेले. त्याच युद्धात मराठा पलटणींतले जवान इराकमध्ये कुट-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी मेले. त्याच इराकवरच्या युद्धाविरुद्ध 15 फेब्रुवारी 2003 ला लंडनमध्ये पोलिसांच्या हिशेबानं साडेसात लाख, आयोजकांच्या हिशेबानं वीस लाखांपर्यंत माणसं चालली. त्यांचं सरकार युद्धात उतरलंच, पण माणसांना चालू तरी दिलं. आम्ही एक गाडीभर बायका होतो. आमची एवढी भीती कशाची?

घटनेच्या 19 व्या कलमानं शस्त्राशिवाय जमायचा आणि देशभर फिरायचा हक्क दिला आहे. 51 वं कलम तर सरकारलाच आंतरराष्ट्रीय शांततेसाठी झटायला सांगतं. मग 2025-26 च्या अर्थसंकल्पात 6 लाख 81 हजार कोटी संरक्षणाला देणाऱ्या देशात एका जखमी जवानाच्या पेन्शनला पैसे का नसतात? शहिदाच्या अंत्ययात्रेला सगळे पक्ष येतात. वर्ष सरलं की त्याच्या बायकोला दाखल्यासाठी खिडकीखिडकीतून परत पाठवलं जातं. रस्ते अडवायला पोलिस लगेच मिळतात, आमच्या तक्रारी लिहून घ्यायला मिळत नाहीत. हे एका पक्षाचं नाही, तुम्ही सगळे असेच वागत आलात. याच जिल्ह्यात 9 सप्टेंबर 1942 ला, चले जाव चळवळीत, इंग्रज सरकारच्या पोलिसांनी वडूजच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या, नऊ जण गेले. त्यांच्या स्मारकाला हार घालता आणि आमची गाडी फिरवता?

त्या रात्रीचा आदेश कुणाचा होता, ते मला लेखी हवं आहे. आमच्या आधार कार्डांचे काढलेले फोटो पुसले, हेही लेखी हवं. पुढच्या मोर्चाला आम्ही त्याच रस्त्यानं निघणार आहोत, आणि या वेळी भाऊही बरोबर असेल. त्याला खाली उतरवायचं असेल तर कागद घेऊन या.

एका माजी सैनिकाची बहीण,
सातारा