शेजाऱ्याच्या केळीला जास्त भाव लागला तेव्हा

संपादक साहेब, नमस्कार.

योगदिनाचे फोटो पेपरात पाहिले, शाळेचं ग्राउंड, पांढरे टीशर्ट, सगळ्यांचे हात वर. छानच आहे, २०१५ पासून दर २१ जूनला होतं, आमच्या गावातपण होतं आणि मीपण मागच्या रांगेत असतो. पण पतंजलींच्या योगसूत्रांत दोनशेच्या आत सूत्रं, त्यात आसनावर सरळ अशी फक्त तीन, आणि तिथंपण पहिलं एवढंच सांगतं की बसणं स्थिर अन् सुखाचं असावं. बाकी जवळपास सगळा कारभार मनाचा. आपण मात्र त्या तीनातच अडकलो.

मी केळीवाला माणूस, रावेर तालुक्यातला. मला कामाला आलं ते पहिल्या पादातलं (म्हणजे प्रकरणातलं) तेहेतिसावं सूत्र. सुखात असेल त्याच्याशी मैत्री, दुःखात असेल त्याच्याबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद (त्याला मुदिता म्हणतात) आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा, असं ठेवलं की चित्त प्रसन्न राहतं. मला वाटायचं यातलं करुणेचं अवघड असेल. नाही हो, अवघड पहिलंच आहे.

मागल्या साली माझी अन् शेजाऱ्याची बाग एकाच वेळी कापणीला आली, मध्ये फक्त बांध. माझी कापणी सोमवारी, व्यापाऱ्यानं निम्मा माल वापसीत (म्हणजे हलक्या प्रतीत) काढला आणि उरलेल्याला क्विंटलला ११०० दिले. चारच दिवसांनी त्याच्या बागेत ट्रक लागला, १७०० नं. मी बांधावर बसून मजूर घड घेऊन निघत होते ते मोजत होतो, म्हणजे त्याचे घड, मी मोजत होतो! माझ्या बागेत ठिबकची नळी फुटून पाणी वाहत होतं तिकडे लक्षच नाही. रात्री झोप येईना तर घरची म्हणे, पोट दुखतंय का? पोटच दुखत होतं, पण गोळीनं थांबणारं नव्हतं.

तेव्हा आमच्याकडे लाईट रात्रीची होती. बारा वाजता मोटार चालू करायला गेलो, तिथंच बसलो, चौतिसाव्या सूत्रात श्वास बाहेर सोडून थांबायचं सांगितलंय तेवढं दहा-पंधरा वेळा केलं. शांत बिंत काही झालो नाही, पण डोक्यातले ते १७०० जरा बाजूला सरकले. सकाळी मुद्दाम त्याच्याकडे गेलो, म्हटलं, "भाव चांगला लागला भो तुले." जीभ जड झाली होती खरं सांगतो. त्यानं चहा ठेवला, बोलता बोलता कळलं की आधीच्या वादळात त्याची बाग आडवी झाली होती त्याचं सोसायटीचं कर्ज अजून फिटायचंय, आलेला पैसा सगळा तिकडेच जाणार. म्हणजे मी घड मोजले, कर्ज मोजलं नव्हतं. निघताना त्यानं स्वतःहून दुसऱ्या व्यापाऱ्याचा नंबर दिला.

उपेक्षेचं लोक चुकीचं समजतात, सोडून द्या म्हणे. मी काट्याजवळ उभा राहतो, हिशोबाची पट्टी तपासतो, भांडतोपण, फक्त त्या व्यापाऱ्याला रात्री घरी उशीपाशी आणत नाही.

हे सगळं जमलंय असं नाही. अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता करावा लागतो असं त्याच ग्रंथात आहे, आणि परवा शेजाऱ्यानं नवा ट्रॅक्टर आणला तेव्हा पेढा घशातच अडकला होता माझ्या.

तर विनंती एवढीच, पुढच्या योगदिनाला फोटोंच्या शेजारी या तेहेतिसाव्या सूत्राचा साध्या मराठीत अर्थ छापा, चौकट छोटी असली तरी चालेल. आमच्याकडे पेपर पारावर वाचला जातो, शेजारी शेजारी बसून.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव