बागेचा निर्णय एवढ्यात नको

गंगापूर रोड, नाशिक

चि. अभिजितास अनेक आशीर्वाद.

दिंडोरीची द्राक्षबाग खंडाने देऊन टाकू, बाबांच्यानं आता होणार नाही, असं तू परवा म्हणालास. तुझी काळजी कळते. पण वर्षभर तरी हा विषय काढू नकोस, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

फुप्फुसाच्या आजारात बाबा व्हेंटिलेटरवर होते, म्हणून घरी आल्यावरही तू रोज त्यांचा ऑक्सिजन विचारतोस. तो चांगला आहे, अडचण तिथे नाहीच. व्हेंटिलेटरवर माणूस पडून राहिला की अंगातलं मांस झडतं. लंडनच्या एका अभ्यासात पहिल्या दहा दिवसांतच मांडीचा स्नायू जवळजवळ १८ टक्के आटलेला आढळला. बाबांना कमोडवरून उठताना अजून भिंत धरावी लागते. मशीन श्वास देत राहिलं की श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वासाचा स्नायूही दुबळा होतो, म्हणून नळीने श्वास ओढून तीन गोळ्या वर उचलायचा तो स्पायरोमीटर. पहिली गोळी वर टिकते, दुसरी उचलते नि लगेच पडते. कपाळावर घाम येतो, पण नळी तोंडातून काढत नाहीत.

पाण्याचा ठसका लागतो, त्यामुळे चहासुद्धा पावडर घालून दाट करून द्यावा लागतो. तो त्यांना अजिबात आवडत नाही. संध्याकाळी आवाज बसतो, तेव्हा फोन सकाळी कर. आणि त्यांचं वाक्य त्यांनाच पुरं करू दे. तू शब्द पुरवलेस की ते "बरंय" म्हणून फोन माझ्याकडे देतात.

रात्री दचकून उठतात. आपल्याला कुणीतरी बांधलं होतं, असं म्हणायचे. हात खरंच बांधले होते रे, नळी उपसू नये म्हणून. ते मी सांगितल्यावर जरा शांत झाले. कुठे बीप वाजलं की माझ्याही छातीत धस्स होतं. घरच्यांनाही हे होतं, अंगावर काढू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी समुपदेशकांकडे जाते आहे.

टोरांटोच्या डॉक्टरांनी २००३ साली फुप्फुसाच्या अशाच गंभीर आजारातून वाचलेल्या १०९ जणांचा अभ्यास छापला. सहा मिनिटांत ते तीन महिन्यांनंतर साधारण २८१ मीटर चालत, वर्षानंतर ४२२. कामावर निम्मेच परतले होते, हेही खरं. पण तीन महिन्यांवरून कुणाचं वर्ष ठरवू नये.

फवारणी आता बाबांनी करायची नाही, याबाबत मी तुझ्याच बाजूची आहे. पण ऑक्टोबर छाटणीला बांधावर खुर्ची टाकून बसले होते. गड्याला थांबवून म्हणाले, "ती काडी बारीक आहे, एक डोळा कमी ठेव." संध्याकाळी गोळी घेतली की नाही, ते मात्र आठवेना. सध्या दोन्ही असंच आहे.

संक्रांतीला येशील तेव्हा हिशेबाची वही त्यांच्यासमोरच उघडू. खंडाचं त्यांनीच काढलं तर बोलू. नाहीतर यंदा माल कुणाला द्यायचा, एवढंच त्यांना विचार.

तुझी,
आई